अकोट्याच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना: वेगळ्या झालेल्या आईबाबांनी मुलाचे दिवस कसे आखावेत

आमचा पहिला करार एका ओळीचा होता. सोमवार ते शुक्रवार आईकडे, शनिवार-रविवार बाबांकडे. दोघांनी मान डोलावली आणि आता मिटलं, असं वाटून आपापल्या घरी गेलो. पहिल्याच शनिवारी साडेअकराला शाळा सुटली आणि लेक फाटकाशी उभी राहिली. मला वाटत होतं, शनिवार लागला म्हणजे बाबा नेतील. त्यांना वाटत होतं, मी घरी नेऊन, जेवायला घालून संध्याकाळी पाठवीन. वर्धीच्या, म्हणजे मुलांची शाळेत ने-आण करणाऱ्या, रिक्षावाल्या काकांना आम्ही दोघांनीही 'आज नको' म्हणून सांगितलेलं. शाळेच्या शिपाईमामांनी फोन केला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. ती पाच वर्षांची होती.

आज तोच करार सात पानांचा आहे. मी दांडिया बाजारात आईवडिलांजवळ राहते, तिचे बाबा पुलापलीकडे अकोट्याला. मध्ये विश्वामित्री नदी. गेल्या सहा वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. कागदावर जे लिहायचं राहून जातं ते पुढे कधीतरी मुलाच्या देखत, दारात किंवा फोनवर मोठ्या आवाजात ठरतं. म्हणून हा लेख बारीकसारीक तपशिलांचा आहे. बडोद्यातल्या आपल्या माणसांना उपयोगी पडावा म्हणून इथल्या शाळा, इथले सण आणि इथला पाऊस धरून लिहिते आहे.

हे वेळापत्रक कोणासाठी नाही

घरात मारहाण झाली असेल, दारू पिऊन गाडी चालवणारं कोणी असेल, मुलाला धमकावलं किंवा त्याच्याशी गैर वागलं गेलं असेल, तर दिवसांची वाटणी करायला बसू नका. आधी मूल आणि तुम्ही सुरक्षित व्हा. गुजरातमध्ये बायकांसाठी १८१ 'अभयम्' हेल्पलाईन आहे, मुलांसाठी १०९८ आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यातल्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला अपायकारक वाटली तर ती नाकारूही शकतात. भेट द्यायचीच झाली तर कोणाच्या तरी देखरेखीखाली द्या. 'शेवटी बाप आहे' किंवा 'शेवटी आई आहे' असं म्हणणारे नातेवाईक अशा वेळी फार भेटतात. त्यांचं ऐकू नका.

पुढचं सगळं त्या घरांसाठी आहे, जिथे नवरा-बायकोचं जमलं नाही पण आई म्हणून, बाबा म्हणून दोघंही धड आहेत.

कायदा कुठे उभा आहे

मुलाच्या बाबतीत 'ताबा' हा शब्द मला आजही खुपतो. ताबा प्लॉटचा असतो. पण कोर्टात तोच चालतो, तेव्हा तो समजून घेतलेला बरा.

हिंदू घरांसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा आहे. त्यातलं कलम ६ सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, आणि कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यांत वर. ताब्याचा अर्ज बहुतेक वेळा १८९० च्या गार्डियन अँड वॉर्ड्स ॲक्टखाली होतो आणि मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात होतो. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच कोर्टाकडे मुलाचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दल हुकूम मागता येतो.

दोन्ही पालकांकडे मूल राहावं, या संयुक्त ताब्यासाठी आपल्याकडे अजून वेगळं कलम नाही. विधी आयोगाने मे २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. तरीही दोघं मिळून ठरवून आले तर कोर्ट ते मान्य करतं, आणि आमचं तसंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू प्रकरणात सांगितलं की आई आणि बाबा दोघांचं प्रेम आणि सहवास हा मुलाचा हक्क आहे, आणि मूल ज्याच्याकडे नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं. मी हे वाचलं तेव्हा 'मुलाचा हक्क' या शब्दांवर थांबले. तोवर आम्ही दोघं आपापल्याच हक्कांबद्दल बोलत होतो.

पायरी १: आधी मुलाचा आठवडा लिहा

दिवस कोणाचे, हा प्रश्न बाजूला ठेवा. दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांना न विचारता, मुलाचा पंधरवडा लिहून काढा. किती वाजता उठतं, शाळेला कशाने जातं, डबा कोण भरतं, अभ्यास कोणाजवळ बसून करतं, ट्यूशन कुठल्या वारी, झोपताना काय लागतं, कुठल्या दिवशी चिडचिड करतं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

आमच्या दोन कागदांत बरंच अंतर निघालं. तिला रात्री खोकला आला की पंप (इनहेलर) द्यावा लागतो, हे त्यांच्या कागदावर नव्हतं. गणित ती फक्त त्यांच्याकडूनच शिकते आणि माझ्याजवळ रडते, हे माझ्या कागदावर नव्हतं. दोघांनाही वाईट वाटलं, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमचं बोलणं तिच्याबद्दल झालं. पुढचं सगळं वेळापत्रक या दोन कागदांतूनच निघालं. गणिताची ट्यूशन बंद केली आणि बुधवार-गुरुवार बाबांना दिले.

पायरी २: वयाला झेपेल असा साचा निवडा

तीन वर्षांखालच्या मुलाला 'पुढच्या रविवारी भेटू' याचा अर्थ कळत नाही. त्याला लांबची मोठी भेट नको, जवळजवळच्या छोट्या भेटी हव्यात. आठवड्यातून तीनदा, दोन-तीन तास, शक्यतो ठरावीक वेळी. रात्रीचा मुक्काम हळूहळू. एक रात्र नीट गेली, दोन-तीन महिने तशी जाऊ दिली, मग दुसरी.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस कोणा एकापासून लांब राहणं जड जातं. त्या वयाला दोन-दोन-तीन बरं पडतं: सोमवार-मंगळवार एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे, शुक्रवार ते रविवार पुन्हा पहिल्याकडे, आणि पुढच्या आठवड्यात उलट. कोणापासूनही तीन दिवसांपेक्षा जास्त ताटातूट होत नाही. तोटा असा की सोमवार कोणाचा हे दर आठवड्याला बदलतं आणि शाळेत गोंधळ होतो.

शाळकरी मुलासाठी मी पाच-दोन-दोन-पाच सुचवीन. आमचं आज तेच आहे. सोमवार-मंगळवार कायम माझ्याकडे, बुधवार-गुरुवार कायम बाबांकडे, शुक्रवार ते रविवार आळीपाळीने. चौदा दिवसांत दोघांना सात-सात मिळतात. खरा फायदा मात्र असा की वार पक्के राहतात. बुधवार म्हणजे बाबा. हे वर्गातल्या बाईंना, वर्धीवाल्या काकांना, खालच्या दुकानदारालाही पाठ आहे. तिला कोणी विचारत नाही की आज तू कुठे.

तेरा-चौदाच्या पुढे मुलं दप्तर उचलून सारखी इकडून तिकडे करायला कंटाळतात. आठवडा-आठवडा, आणि मध्ये एकदा दुसऱ्या पालकाबरोबर रात्रीचं जेवण, हे त्यांना सोयीचं.

पण सात-सात व्हायलाच हवेत, असा हट्ट धरू नका. एकाची नोकरी पाळ्यांची असेल, घर लांब असेल, तर एक आड एक आठवड्यात शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आणि दर आठवड्याला मध्ये एक रात्र, एवढंही पुष्कळ आहे. मोजलंत तर चौदापैकी पाच रात्री होतात. त्या पाच रात्री जो बाबा मोबाईल बाजूला ठेवून पोळ्या लाटतो, त्याचं मूल त्याला ओळखतं. सात रात्री मिळवून मुलाला आजीकडे सोपवणाऱ्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

मुलाला विचारा, पण निवडायला लावू नका. 'शुक्रवारी शाळेतून थेट जायला आवडेल की घरी येऊन?' हा चांगला प्रश्न. 'तुला कोणाकडे राहायचंय?' हा प्रश्न आईबापांनी कधीच विचारू नये. समज आलेल्या मुलाचं मत कोर्ट लक्षात घेतं, १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच ते आहे, पण ते काम न्यायाधीशांचं.

पायरी ३: ने-आण

सगळ्यात जास्त भांडणं दारात होतात. त्यावर सगळ्यात सोपा उपाय शाळा आहे. सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने आणायचं. दोघांची गाठच पडत नाही आणि मुलाला निरोपाचा तो अवघड क्षण अनुभवावा लागत नाही.

सुट्टीच्या दिवसासाठी वेळ घड्याळात लिहा. 'सकाळी' नको, 'दहा वाजता' लिहा. ज्याच्याकडे मूल आहे त्याने पोचवायचं. आधी आम्ही उलट करत होतो, न्यायला येत होतो, आणि प्रत्येक वेळी तिला खेळातून उठवून ओढून नेल्यासारखं व्हायचं. पोचवायला लागल्यापासून तिची धुसफुस खूपच कमी झाली. आपल्याला आईनेच पाठवलं, म्हणजे जायला हरकत नाही, असं तिच्या मनाने घेतलं असावं.

उशीर झाला तर वीस मिनिटं वाट पाहायची, त्याआधी फोन करायचा नाही. हेही लिहून ठेवलं आहे. दारात बोलायचं ते दोनच गोष्टींबद्दल: जेवण आणि औषध. फी, वकील, कोणाच्या आईने काय म्हटलं, हे सगळं नंतर, लेखी.

सामानाचं एक सांगते. दप्तर एकच असतं, बाकी सगळं दोन ठेवा. दोन गणवेश, दोन टूथब्रश, दोन रेनकोट, दोन पंप. पंप दप्तरात ठेवून पाठवण्याची चूक आम्ही एकदा केली. दप्तर रिक्षात राहिलं आणि रात्री दोन वाजता उघडं औषधाचं दुकान शोधत फिरावं लागलं. खर्च वाढतो हे खरं, पण मुलाला आपल्याच घरी पाहुण्यासारखी बॅग भरून जावं लागत नाही. आणि तिची आवडती चिंधी बाहुली मात्र तिच्याबरोबर दोन्हीकडे जाते. त्या बाहुलीवर कोणाचाही हक्क नाही.

पायरी ४: सण

आपल्या बडोद्यात सण दुप्पट असतात, मराठी आणि गुजराती दोन्ही. वेळापत्रक मोडतं ते इथेच, म्हणून इथे जास्त वेळ द्या. पहिली ओळ अशी लिहा: सणाचं वेळापत्रक आठवड्याच्या वेळापत्रकाच्या वर राहील आणि सण संपला की ज्याचा वार त्याच्याकडे मूल जाईल, भरपाई मागायची नाही.

दुसरी गोष्ट, तारखा लिहू नका, तिथी लिहा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. तारीख लिहिलेला करार दुसऱ्याच वर्षी चुकतो.

तिसरी, आळीपाळी करायची तर 'सम वर्षी आई, विषम वर्षी बाबा' असं लिहा आणि वर्ष म्हणजे इंग्रजी वर्ष हेही लिहा. हे वाचून नवल वाटेल, पण गुजरातचं नवं वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, बेसत्या वर्षाला लागतं. आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याचा दिवाळीच्या दोन दिवसांवरून वाद झाला, कारण एक जण विक्रम संवत मोजत होता.

चौथी, सगळे सण आळीपाळीने करायलाच हवेत असं नाही. काही सण घराचे असतात. तिच्या बाबांच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो, पिढ्यान् पिढ्या. तो दरवर्षी त्यांच्याकडेच. आमच्याकडे गौरी येतात, त्या तीन दिवस ती दरवर्षी माझ्याकडे. आजीबरोबर गौरींना साडी नेसवणं एक आड एक वर्षी शिकता येत नाही.

उत्तरायण तर जणू दोन घरांच्या मुलांसाठीच आहे. चौदा जानेवारी एका गच्चीवर, पंधराची वासी उत्तरायण दुसऱ्या गच्चीवर. चौदाला कोणाकडे, ते वर्षावर ठरवा. अदलाबदल पंधराला सकाळी आठच्या आत करा, कारण नंतर कोणतंही पोर गच्चीवरून खाली उतरत नाही, आणि मांज्याच्या दिवसात मुलाला दुचाकीवर पुढे उभं करून पुलावरून नेणं धोक्याचं आहे. त्या दोन दिवसांत शक्यतो चारचाकी किंवा रिक्षा.

नवरात्राच्या नऊ रात्री मोठ्या अवघड. गरबा रात्री उशिरापर्यंत, सकाळी शाळा, आणि चणियाचोळी, दागिने, दांडिया नेहमी दुसऱ्या घरी राहिलेले. त्याचं आम्ही काय केलं ते शेवटी सांगते.

दिवाळीत भाऊबीज वेगळी काढा. चुलत-आते-मामेभाऊ कुठल्या बाजूला आहेत ते बघून ठरवा. आम्ही धनत्रयोदशी ते पाडवा एकाकडे आणि भाऊबीज दुपारी बारापासून पुढे दुसऱ्याकडे असं ठेवलं, दरवर्षी उलट. वाढदिवस ज्याच्या वारी येईल त्याचा, दुसऱ्याला संध्याकाळचे दोन तास. लहान मूल असेल तर बोरन्हाण दोन्हीकडे होऊ द्या. दोन आज्यांनी दोनदा चुरमुरे-बोरं ओतली तर बाळाचं काहीच बिघडत नाही.

पायरी ५: सुट्ट्या

गुजरात बोर्डाच्या शाळांना दिवाळीची एकवीस दिवस आणि उन्हाळ्याची पस्तीस दिवस सुट्टी असते. सीबीएसईच्या शाळांचं वेगळं असतं, तेव्हा शाळेचं कॅलेंडर हाती आलं की त्याच आठवड्यात दोघांनी बसून खुणा करा. उन्हाळ्याचे दोन किंवा तीन भाग करा, लहान मूल असेल तर दहा दिवसांपेक्षा मोठा तुकडा नको. गावाला नेणार असाल तर पंधरा दिवस आधी तिकीट, पत्ता आणि तिथला फोन नंबर द्यायचा. परदेशी जायचं तर लेखी संमती घ्यायची. मुलाच्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे दोघांच्या सह्या लागतात, त्याची बोलणी तिकीट काढायच्या आधी करा.

कोणी पुण्या-मुंबईला बदली होऊन गेलं तर आठवड्याचा साचा संपतो. मुंबई गाडीने जवळपास चारशे किलोमीटर. अशा वेळी शाळेचे दिवस एकाकडे आणि सुट्टीचा मोठा वाटा दुसऱ्याकडे, महिन्यातून एक लांब शनिवार-रविवार, आणि त्यात दर वेळी मुलानेच प्रवास करायचा नाही. एकदा मूल जाईल, एकदा मोठं माणूस येईल. गाव सोडायचं ठरलं तर निदान दोन महिने आधी सांगायचं, हेही करारात घाला.

पायरी ६: पाणी, ताप आणि बाकीच्या आपत्ती

२०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा बडोद्यात कोणी विसरणार नाही. २६ तारखेपासून कोसळलेला पाऊस, वरून आलेलं पाणी, आणि विश्वामित्रीने धोक्याची पंचवीस फुटांची पातळी ओलांडून पस्तीसच्या वर मजल मारली. लेक त्या दिवशी अकोट्याला होती. दुसऱ्या दिवशी माझा वार. पाणी रस्त्यांवर आलं, कितीतरी भागांत वीज गेली. मी फोनवरून हट्ट धरला की काहीही करून तिला इकडे आणा. ते म्हणाले, शक्य नाही. मला वाटलं, हे निमित्त करताहेत. मी ओरडले. ते ओरडले. फोन स्पीकरवर होता, कारण त्यांचा दुसरा हात मेणबत्ती लावण्यात गुंतलेला. मागून तिचा आवाज आला, 'आई, मी पोहत येऊ का?'

ती नऊ वर्षांची होती आणि तिला पोहता येत नव्हतं. ती मस्करी करत नव्हती.

पाणी उतरल्यावर आम्ही जे कलम लिहिलं ते जसंच्या तसं देते, हवं तर उचला: 'पाऊस, पूर, संप, संचारबंदी किंवा रस्ता बंद असल्यास मूल ज्या घरी असेल तिथेच राहील. रस्ता सुरू झाल्याचं दोघांनी मान्य केल्यावर पुढच्या दिवशी सकाळी दहाला अदलाबदल होईल. गेलेल्या दिवसांची भरपाई त्या महिन्यात होईल. रस्ता सुरू आहे की नाही यावर मुलासमोर चर्चा होणार नाही.' जून लागला की दोन्ही घरांत तीन-चार दिवसांची औषधं, कोरडे कपडे आणि पॉवर बँक ठेवायची, हेही त्याच पानावर आहे. दोन घरं नदीच्या दोन बाजूंना असतील तर हे पान सोडू नका.

तापाचंही तसंच. १०१ च्या वर ताप असेल तर मूल हलवायचं नाही, दुसऱ्या पालकाने येऊन भेटायचं. येणाऱ्याला आत येऊ द्यायचं आणि त्याने मुलाजवळ बसायचं, घराची पाहणी करायची नाही. डॉक्टर एकच ठेवा, फाईल एकच ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात कोणीही दिवस बदलून मागायचे नाहीत. आणि आपल्या दिवशी रात्रभर बाहेर जावं लागणार असेल तर शेजारी किंवा मावशीला विचारायच्या आधी दुसऱ्या पालकाला विचारायचं. हे शेवटचं माझ्या अहंकाराला खूप लागलं होतं. आज सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

पायरी ७: फोन, पैसे, निर्णय

फोनची वेळ ठरवा. आमची रात्री साडेआठ, दहा मिनिटं, जेवणानंतर. मूल बोलत असताना शेजारी उभं राहून कान देऊ नका. बोलायचं नसेल तर तिला नुसतं 'गुड नाईट' म्हणू द्या.

आईबाबांनी एकमेकांशी बोलायचं ते मुलाच्या नावाच्या वेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे फक्त तिचे विषय. मुलाकरवी निरोप कधीही नाही, अगदी 'बाबांना सांग फी भरायचीये' एवढाही नाही. शाळेत दोघांचे नंबर द्या, पालकसभेला शक्य असेल तर दोघं जा.

पैसे आणि भेट या दोन गोष्टी एकमेकींना बांधू नका. खर्चाचे पैसे आले नाहीत म्हणून मुलाला भेटू न देणं, किंवा भेटू दिलं नाही म्हणून पैसे थांबवणं, दोन्ही चूक. पैशांसाठी वेगळा मार्ग आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आहे. फी, औषधं, शिकवण्या यांचा वाटा आधीच लिहा, बिलांचे फोटो ग्रुपवर टाका आणि महिन्याच्या पाच तारखेला हिशोब मिटवा.

रोजचे निर्णय ज्याच्याकडे मूल त्याचे. शाळा बदलणं, ऑपरेशन, पासपोर्ट, गाव बदलणं हे मोठे निर्णय दोघांचे. दोघांचं पटलं नाही तर कोणाकडे जायचं, त्याचं नाव आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे तिचे डॉक्टर आणि माझे एक काका असे दोघं आहेत.

पायरी ८: कागद पक्का करा

इथे बरेच जण फसतात. शंभर-तीनशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलं म्हणजे झालं, असं समजतात. नोटरी केलेला कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. उद्या एकाने पाळला नाही तर तो दाखवून हुकमाची अंमलबजावणी मागता येत नाही. परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब च्या अर्जाबरोबर हे सगळं सहमतीच्या अटींमध्ये घाला आणि फॅमिली कोर्टाच्या हुकमात आणा. त्या अर्जासाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट योग्य प्रकरणात ते अंतर माफ करू शकतं, आणि मुलाच्या ताब्याबद्दल खरोखर मिटलेलं आहे का, हे त्यात पाहिलं जातं. म्हणजे नीट आखलेलं वेळापत्रक तिथेही कामाला येतं.

घटस्फोट घ्यायचाच नसेल, नुसतं वेगळं राहायचं असेल, तरी ताब्याचा अर्ज करून दोघांच्या संमतीचा हुकूम मिळवता येतो.

दोघांचा वकील एक ठेवू नका. कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात बसायला घाबरू नका, तिथे लिहून गेलेल्या माणसाचं काम लवकर होतं. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. आणि एक घरगुती सूचना: कोर्टाची प्रत गुजरातीत किंवा इंग्रजीत असेल, तिचा साध्या मराठीत एक कागद करून दोन्ही आज्यांच्या हाती द्या. वेळापत्रक अर्धंअधिक त्याच चालवतात.

पायरी ९: दर जूनमध्ये उघडा

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. मूल वाढतं, परिस्थिती बदलते, आणि कोर्ट तो बदलू शकतं. १९७३ च्या रोझी जेकब निकालापासून हे चालत आलं आहे. पण दर वेळी कोर्टात जाण्यापेक्षा शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात दोघांनी तासभर बसावं. घरी नको, कुठे तरी बाहेर. आम्ही कमाटीबागेत बाकावर बसतो. अजेंडा एकच, गेल्या वर्षी कुठे अडलं. लहान बदल दोघांच्या सहीने, मोठे बदल वकिलांमार्फत हुकमात.

यंदा ती अकरा वर्षांची झाली आणि पहिल्यांदाच तिने स्वतः एक चिठ्ठी दिली, दोघांसाठी एकच, बाबांच्या हाती. नवरात्राच्या नऊच्या नऊ रात्री तिला दांडिया बाजारातच राहायचं होतं, कारण मैत्रिणी इथे आणि चणियाचोळी इथे. बदल्यात नाताळची सगळी सुट्टी बाबांकडे. खाली लिहिलं होतं की आठव्या दिवशी बाबांनी गरबा बघायला यावं, आई काही बोलणार नाही.

आम्ही दोघांनी तिथेच बाकावर सह्या केल्या. कलम क्रमांक एकतीस.